सूर्यदर्शनची साडेतीन हात सावली

एका जंगलात मुंगीलाही अंग चोरून चालावं लागायचं, एवढी दाटी झाली होती. एका बिळात तीन-तीन बिऱ्हाडं. वरच्या फांदीवरचं माकड खाजवायला लागलं की खालच्या फांदीवरच्या सात जणांची झोप मोडायची. झोप मोडली की भांडण. भांडण झालं की दुसरी फांदी बघायची. आणि दुसरी फांदी रिकामी कुठं होती?

आता तुम्ही विचाराल, जंगल एवढं मोठं, मग सगळे एकाच जागी का गोळा झाले. पोरांनो, हा प्रश्न तुमच्या आईबापाला विचारा. मी गोष्ट सांगतोय.

तर त्या जंगलात ठकू नावाची घोरपड राहायची. नाल्याकाठी तिचा काळा कातळ होता. कातळाच्या पूर्वेला मोकळं मैदान, पश्चिमेला उंच कडा. सकाळी ऊन थेट कातळावर यायचं. दुपार कलली की कड्याची सावली पडायची. म्हणजे ठकूचं जे काय ऊन होतं ते सकाळचंच.

घोरपडीचं रक्त थंड असतं. तुम्ही सकाळी उठता आणि पळत जाऊन दात घासता. पळत नाही? बरं, राहू दे. घोरपडीला तर चालतही जाता येत नाही. तिला आधी ऊन खावं लागतं. शेपटी तापली की मागचे पाय सुटतात. पोट तापलं की पुढचे सुटतात. सगळ्यात शेवटी सुटते ती जीभ. जीभ सुटेपर्यंत ठकूला कुणाला शिवीसुद्धा देता यायची नाही, आणि ठकूला शिव्या देण्याची फार हौस.

कातळाला लागून एक वारूळ होतं. त्यात ठकूनं त्या साली अंडी घातली होती. अकरा. घोरपड काही कोंबडीसारखी अंड्यांवर बसून राहत नाही. ऊन वारूळ तापवतं आणि वारूळ अंडी उबवतं. ठकूनं फक्त रोज जाऊन वारुळाला गाल लावायचा. गाल शेकला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती दिवसभर जंगलभर हिंडायला मोकळी.

एक दिवस मैदानात दातोबाशेठ आला. हा जातीचा तरस. तरस हसतंच, त्याला कारण लागत नाही. पण दातोबा कारण असलं तरीही हसायचा, म्हणून तो शेठ झाला.

"मंडळी," तो म्हणाला, "जमिनीवर जागा नाही ना? मग वर चला. एकावर एक एकवीस माळे बांधतो. प्रत्येक माळ्यावर वारा, प्रत्येक माळ्यावर उजेड. नाव ठेवलंय सूर्यदर्शन."

माकडांनी शेपट्या आपटल्या. ठकूनं मैदानाकडं बघितलं. मग कातळाकडं बघितलं. मग सूर्य कुठून उगवतो तिकडं बघितलं.

"शेठ," ती म्हणाली, "हे दर्शन तुम्ही माझ्या आणि सूर्याच्या बरोब्बर मध्ये बांधताय."

"मावशी, काळजी नको," दातोबा म्हणाला. "आपल्याकडं कायदा आहे."

आणि खरंच कायदा होता बरं का. त्या जंगलात झाडापेक्षा उंच काही बांधायचं तर आधी मोजमाप करायचं. पाण्यावर काय परिणाम, वाऱ्यावर काय, उन्हावर काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर काय. सगळं मोजून, लिहून, कागद गवाबापूंना द्यायचे. गवाबापू म्हणजे समितीचे अध्यक्ष. चार पोटांचं जनावर. ते कागद खायचे आणि रवंथ करायचे. कागद पचले की परवानगी.

मोजणारा कुणी आणायचा? ज्याला बांधायचंय त्यानंच. हसू नका. कायदा तसाच होता. मी नाही केला.

दातोबानं रंगू सरड्याला आणलं. का, तर रंगू हिरवा होता. निदान बोलावलं त्या दिवशी तरी होता. जो हिरवा तो पर्यावरणातला जाणकार, असं दातोबाचं मत पडलं. रंगूला एकविसाव्या माळ्यावरचा पूर्वेचा सज्जा कबूल झाला. त्यालाही ऊन लागतंच की. तो ठकूला मावशी म्हणायचा. सख्खी नव्हे, पण थंड रक्ताचे सगळे कुठून ना कुठून एकमेकांचे पाव्हणेच निघतात.

मोजमाप व्हायच्या आधीच मैदानात माळे चढायला लागले. एक, दोन, पाच, आठ. ठकू तरातरा गवाबापूंकडं गेली.

"बापू, परवानगी दिली का?"

"नाही अजून," बापू म्हणाले.

"मग हे काय वर चाललंय?"

बापूंनी दातोबाला बोलावलं. दातोबा हसत आला.

"बापू, हे बांधकाम नव्हे. हा नमुना आहे. आता मला सांगा, सावली मोजायची म्हणजे कशाची मोजायची? काही उभंच नसेल तर सावली पडेल कशी? आपण मोजमापाच्या कामात कसूर करत नाही. पुरते एकवीस माळे उभे करतो आणि मग मोजतो."

"आणि मोजून वाईट निघालं तर?" ठकूनं विचारलं.

"तर पाडू की," दातोबा म्हणाला. एवढं बोलून त्याला जे हसू फुटलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

बापूंनी चारही पोटांत विचार केला. "मोजायचं म्हणतोय तो," ते म्हणाले. "चांगली सवय आहे. आपण मोडता घालू नये."

नमुना एकवीस माळ्यांचा झाला. मग त्यात माकडं राहायला आली. विचारलं तर कळलं, वजनाचा जमिनीवर काय परिणाम होतो तेही मोजायचं आहे. वजन पाहिजे म्हणून माकडं ठेवलीत. माकडांनी पडदेसुद्धा लावले.

आणि ठकूच्या कातळावर सकाळ व्हायची बंद झाली.

सूर्य उगवायचा, पण सूर्यदर्शनच्या पलीकडं. सावली मैदान ओलांडून यायची, वारुळावरून, कातळावरून जायची आणि मागच्या कड्यावर चढून बसायची. ठकू लाकडासारखी पडून राहायची. सूर्य डोक्यावर आला की घटकाभर ऊन. तेवढ्यात जे काय हलायचं ते हलायचं, की लगेच मागून कड्याची सावली हजर. पहिल्या दिवशी तिनं ते घटकाभर ऊन खाल्लं आणि आधी वारुळाला गाल लावला. वारूळ गार होतं. दुसऱ्या दिवशीही गार. तिसऱ्या दिवशी तिनं दुसरा गाल लावून बघितला.

चौथ्या दिवशी भर दुपारी रंगू वेलीची दोरी घेऊन आला.

"काय रे रंग्या, इकडं कशी वाट चुकलास?"

"कामावर आहे, मावशी. सावली मोजतोय." त्यानं दोरी सूर्यदर्शनच्या पायथ्याशी धरली आणि दोन उड्यांत सावलीच्या टोकाला पोचला. "साडेतीन हात. लिहून घेतो."

"आता सूर्य डोक्यावर आहे, मेल्या. आता तर हत्तीची सावली हत्तीच्या पोटाखाली मावते. सकाळी ये. सकाळी ती माझ्या अंगावरून जाऊन कड्यावर चढते."

"मला माहितीये," रंगू म्हणाला. "पण मावशी, सकाळी मी येऊ कसा? माझं रक्त थंड. सूर्य डोक्यावर येईपर्यंत माझ्या हातानं दोरी धरवत नाही. तूच सांग, काकडलेल्या हातानं मोजलं तर ते शास्त्रीय होईल का?"

ठकूनं जरा विचार केला.

"म्हणजे सकाळी मला हलता येत नाही, तुलाही हलता येत नाही. आणि सावली पडते ती नेमकी सकाळीच."

"म्हणून तर तिची नोंद करता येत नाही," रंगू म्हणाला. "आणि दुपारनंतर तशीही कड्याची सावली असतेच. म्हणजे सावली इथं पूर्वीपासून आहे. तेही लिहिलंय."

"अंडी आहेत रे माझी वारुळात. त्यांचं काय लिहिलंस?"

रंगू जरा पिवळा पडला. मग पुन्हा हिरवा झाला. "अंडी हा विषय माझ्या यादीत नाही. अंडी फुटून बाहेर आली की ते प्राणी होतात. प्राण्यांचा रकाना आहे. बाहेर आली की कळव. आणि तुझं काही म्हणणं असेल तर सुनावणी आहे ना."

सुनावणीची नोटीस लागली होती. कायद्याप्रमाणं अध्यक्षांपाशीच लावलेली होती. म्हणजे गवाबापूंच्या पाठीमागच्या बाजूला, शेपटीखाली चिकटवली होती. ती वाचायला गव्याच्या मागं उभं राहावं लागायचं. एक ससा गेला होता वाचायला. तो अजून लंगडतोय.

सशाकडून एवढं कळलं की सुनावणी सूर्योदयाला आहे आणि जागा सूर्यदर्शनचा पायथा.

ठकूनं आपल्या शेजारणीला, साळूला गाठलं. साळू म्हणजे साळिंदर. रात्रभर कंदमुळं खणणार आणि उजाडलं की झोपणार.

"साळूबाई, सूर्योदयाला मी कातळावरून हलूसुद्धा शकत नाही. तू नेशील का मला पाठीवर?"

"नेईन की, अक्का," साळू म्हणाली. "पण बसशील कुठं?"

दोघींनी साळूच्या पाठीवरच्या काट्यांकडं बघितलं. विषय तिथंच संपला.

"मग तू तरी ये," ठकू म्हणाली. "तुझं बीळ त्यांनी इमारतीचा पाया खणताना उकरलंय. बोल काही तरी."

"येईन. पण पहाटेला माझे डोळे मिटतात बघ. जागी राहिले तर बोलेन."

ठकूनं ठरवलं, आदल्या दुपारीच निघायचं. घटकाभराच्या उन्हात जेवढं चालता येईल तेवढं चालायचं, कुठल्या तरी झुडपाखाली पडून राहायचं आणि सकाळी ऊन अंगावर आलं की उठून बोलायचं. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं. "मी ठकू घोरपड. माझी अकरा अंडी गार पडलीत. तुमची सावली सकाळी मोजा." एवढंच. तिनं शिवीसुद्धा घातली नव्हती त्यात. तिच्या दृष्टीनं हा मोठा त्याग होता.

ती निघाली. निघताना वारुळाला गाल लावायला थांबली नाही. तेवढं ऊन वाया गेलं असतं. सरपटत, धापा टाकत ती पायथ्यापासून वीस पावलांवर पोचली. तिथं कड्याच्या सावलीनं तिला गाठलं आणि ती करवंदीच्या जाळीजवळ आडवी झाली.

सकाळ झाली. मंडळी जमली. ठकू उन्हाची वाट बघत पडली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सुनावणी सूर्यदर्शनच्या सावलीत ठेवलीय. तिथं ऊन येणार कुठून?

तिला सगळं दिसत होतं. सगळं ऐकू येत होतं. पण शेपटी दगड, पाय दगड, जीभ दगड.

गवाबापू बसले. दातोबाशेठ आला. त्याच्या मानेवरच्या दाट केसांत रंगू बसला होता, छान टवटवीत. तरसाचं रक्त गरम असतं. ठकूला तेव्हा कळलं की थंड रक्ताच्यालाही सकाळी हलता येतं. फक्त मान कुणाची धरायची ते ठाऊक पाहिजे.

रंगूनं वाचायला सुरुवात केली.

"या प्रकल्पामुळं उंटांच्या ये-जा करण्यात कसलाही अडथळा येणार नाही."

बापूंनी कान हलवले. "उंट कुणाचा?"

रंगूनं कागद उलटसुलट केला. याआधी त्यानं दूर वाळवंटात एक काम केलं होतं, तीच पानं होती ही. "आपल्या जंगलात उंट नाही, बापू."

"मग अडथळा येणार नाही हे खरंच आहे," बापू म्हणाले. "पुढं."

"वाळूच्या टेकड्या जशाच्या तशा राहतील."

"छान. पुढं."

"प्रकल्पाच्या लाकडासाठी चाळीस झाडं तोडली. त्याबदल्यात दोनशे रोपं लावली." हे मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दातोबाच्या गड्यांनी एक रोप आणलं. ते लावलं, उपटलं, चार पावलं पुढं लावलं, परत उपटलं. असं दोनशे वेळा. रोप दमलं, पण हिशोबात कुठं चूक नव्हती.

"सावली साडेतीन हात. त्यात एक ससा बसू शकतो. उन्हाळ्यात त्याला गारवा मिळेल. ही सोय प्रकल्प फुकट देतो."

"कुणाची काही हरकत?" बापूंनी विचारलं.

पायथ्याशी साळू बसली होती. आली होती बिचारी, कंद तोंडात घेऊनच आली होती. पण उजाडलं होतं. तिची मान हळूच खाली गेली, मग वर आली, मग परत खाली गेली.

"साळूबाई दोन वेळा हो म्हणाल्या," रंगूनं लिहिलं.

करवंदीच्या जाळीजवळ ठकूनं होता नव्हता तेवढा जोर लावला. मी ठकू घोरपड. मी ठकू घोरपड. ओठ हलेनात. फार झटून जिभेचं टोक तेवढं बाहेर आलं आणि तिथंच गारठून राहिलं.

"ते तिथं कोण पडलंय?" बापूंनी विचारलं.

"ती माझी मावशी," रंगू म्हणाला. "कातळावर राहते, अगदी समोर. सगळ्यात जवळची शेजारीण. आदल्या दिवसापासून येऊन बसलीय कौतुकानं."

"जीभ का काढलीय?"

"चव घेतेय, बापू. हवेची. हवा सुधारलीय ना."

"शेजारी असावेत तर असे," बापू म्हणाले आणि त्यांनी कागद तोंडात घातले.

दातोबा हसला.

कागद पचायला तीन दिवस लागले. उंटांचं पान जरा अडकलं म्हणतात. चौथ्या दिवशी परवानगी आली. ती मिळाल्यावर सूर्यदर्शन नमुना राहिला नाही, इमारत झाली. विटेला वीट लावावी लागली नाही. एवढ्या झटपट झालेली इमारत त्या जंगलानं आधी बघितली नव्हती.

त्या साली वारुळातून कोणी बाहेर आलं नाही. ठकू रोज दुपारी त्या घटकाभर उन्हात जायची, गाल लावायची आणि परत यायची. अंडी फुटायचा महिना गेला, त्याच्या पुढचा गेला, तरी तिनं जाणं सोडलं नाही. ती शिव्या मात्र द्यायची बंद झाली. साळूला ते फार चुकल्यासारखं वाटायचं.

वर्षानं रंगूनं कायद्याप्रमाणं फेरतपासणी केली. त्यात त्यानं लिहिलं, "घोरपडींची संख्या स्थिर आहे. आधी एक होती, आजही एकच आहे." गवाबापूंना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते दोनदा खाल्लं.

दातोबाचा धंदा वाढला. त्यानं सूर्यदर्शनच्या पूर्वेला दुसरी इमारत काढली. एकतीस माळे. नाव सूर्यदर्शन दोन. मोजायला परत रंगूच. त्याला एकतिसाव्या माळ्यावरचा सज्जा कबूल झाला. रंगूनं भर दुपारी दोरी धरली, उंटांचं पान जोडलं आणि सही केली. काम झाल्यावर कळलं की तो सज्जा गवाबापूंना दिलाय. बापू अजून जिना चढतायत. सातव्यापर्यंत पोचलेत.

रंगू आपल्या जुन्या सज्ज्यात राहिला. आणि एका सकाळी त्याच्याकडं सकाळ आलीच नाही. त्यानं दातोबाला हाक मारली असती, पण दातोबाच्या मानेवर आता एक बेडूक बसायचा. तोही हिरवाच होता.

त्या दिवशी दुपारी ठकू कातळावर घटकाभर ऊन खात पडली होती. एवढ्यात वरून काही तरी टपकन तिच्या शेजारी पडलं. काळंनिळं, ताठ, वाळक्या शेंगेसारखं. बघते तर रंगू. गारठून सज्ज्यावरची पकड सुटली होती त्याची, आणि वाळकी शेंग समजून माकडांनी त्याला पश्चिमेच्या खिडकीतून भिरकावलं होतं.

ठकू जरा बाजूला सरकली. तेवढ्या उन्हात दोघं मावत होती.

हळूहळू रंगूचे पाय सुटले. मग जीभ सुटली.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या सज्ज्यावर ऊनच येत नाही गं. समोरच्या इमारतीची सावली सकाळभर माझ्या अंगावर असते."

"मोजलीस का?"

"मोजली ना. मीच मोजली."

"कधी?"

 रंगूनं वर बघितलं. सूर्य डोक्यावर होता.

"किती भरली?" ठकूनं विचारलं.

"साडेतीन हात," रंगू म्हणाला. त्याला रडू येत होतं, पण ते यायला अजून थोडं ऊन लागलं असतं.

"मग तुझ्या सज्ज्यावर जे येतंय ते ऊनच असणार, मेल्या," ठकू म्हणाली. किती तरी महिन्यांनी तिनं पहिली शिवी दिली होती. तिला जरा बरं वाटलं.

मागून कड्याची सावली आली. दोघं तशीच पडून राहिली. संध्याकाळी बेडूक दोरी घेऊन तिथून गेला. सूर्यदर्शन तीनचं मोजमाप चालू होतं. त्यानं कातळाकडं बघितलं आणि रकान्यात लिहिलं, "शेजारी दोन. अतिशय शांत. जागचे हलतसुद्धा नाहीत, एवढं त्यांना इथं आवडतं."

तात्पर्य: पोरांनो, परिणाम मोजल्याशिवाय उंच इमारत कधी बांधू नये. आधी ती पुरती बांधावी, मग मोजावी, आणि मोजताना सूर्य बरोब्बर डोक्यावर आहे ना तेवढं बघावं. ज्यांचं नुकसान व्हायचंय त्यांना सुनावणीला जरूर बोलवावं. ते येतील, नाही असं नाही. फक्त ते बोलू लागायच्या आत सुनावणी उरकावी. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी हिरवा होणार असेल, तर त्यानं राहायला कुठल्याही इमारतीचा सज्जा घेऊ नये. कातळच घ्यावा. घटकाभर का होईना, तिथं ऊन तरी येतं. अट एकच, मावशी सरकली पाहिजे.